उतरायचं कसं, ते नंतर बघू

२ जुलै १९८२ला कॅलिफोर्नियातल्या सॅन पेद्रो इथे एका घराच्या परसात लॅरी वॉल्टर्स नावाचा ट्रक ड्रायव्हर खुर्चीत बसला. वय ३३. खुर्ची साधीच होती, अंगणात टाकून उन्हाला बसायची, ॲल्युमिनियमची. फक्त तिला हवामानखातं आकाशात सोडतं तसले ४२ फुगे बांधलेले होते, हेलियम भरून टम्म फुगवलेले. सोबत कॅमेरा, बोलायला रेडिओ, पॅराशूट, वजनासाठी पाण्यानं भरलेले प्लास्टिकचे कॅन आणि एक छऱ्यांची बंदूक. बंदूक कशाला? तर खाली यायचं मनात आलं की एकेक फुगा फोडायचा आणि अलगद उतरायचं.

तेव्हा लॅरीनं उतरण्याचा विचारच केला नव्हता, असं कोणी म्हणू नये. केला होता. अर्धा.

डोळे अधू म्हणून त्याला वैमानिक होता आलं नव्हतं. तेराव्या वर्षी लष्करी भंगाराच्या दुकानात छताला टांगलेले हवामानाचे फुगे त्यानं पाहिले होते आणि तेव्हापासून ते त्याच्या डोक्यातून गेले नव्हते. वीस वर्षं माणसाच्या डोक्यात फुगे असले की एक दिवस ते त्याला उचलतातच. बेत असा होता की थोडं वर जाऊन वाऱ्याबरोबर मोहावी वाळवंटाच्या दिशेनं तरंगत राहायचं. पण खुर्चीला जमिनीशी धरून ठेवणारा दोर ठरल्याआधीच तुटला आणि खुर्ची दिवाळीतल्या बाणासारखी सुटली. थांबली ती सुमारे १६,००० फुटांवर. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई आणि त्यावर आणखी एक कळसूबाई रचलं, तर लॅरीच्या खुर्चीचे पाय जेमतेम टेकले असते.

एवढ्या उंचीवर थंडीनं बोटं आखडतात, हवा विरळ होते आणि फुगा फोडावा तर खुर्ची कलंडेल ही भीती. वाऱ्यानं त्याला लाँग बीच विमानतळाच्या वाटेवर नेलं. दोन प्रवासी विमानांच्या वैमानिकांनी कंट्रोल टॉवरला कळवलं की वाटेत एक माणूस खुर्चीत बसलेला दिसतोय. टॉवरमधल्या माणसांना तेव्हा काय वाटलं असेल, याची कल्पना ज्यानं त्यानं करावी. शेवटी पाऊण एक तासानं धीर करून लॅरीनं काही फुगे फोडले. आणि बंदूक मांडीवरून घसरून खाली पडली.

तो सुखरूप उतरला, म्हणजे उतरवला गेला. फुग्यांच्या लोंबत्या दोऱ्या विजेच्या तारांत अडकल्या, लाँग बीचच्या एका भागातली वीज २० मिनिटं गेली आणि खुर्ची जमिनीपासून थोडी वर लटकून राहिली. लॅरी खाली उडी मारून मोकळा झाला, आणि खाली पोलीस उभे होते. विमान वाहतूक खात्याच्या अधिकाऱ्यानं पत्रकारांना जे सांगितलं त्याचा आशय असा की यानं कायदा मोडलाय हे नक्की, नेमका कोणता ते ठरलं की खटला भरू. वैमानिकाचा परवाना रद्द करावा, तर परवानाच नव्हता. पुढे लावलेल्या आरोपांत उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र नसलेलं विमान चालवल्याचाही आरोप होता, म्हणजे सरकारदरबारी त्या खुर्चीचं विमान झालं. ४,००० डॉलरचा दंड शेवटी १,५०० वर मिटला. हे का केलंस, असं विचारल्यावर तो म्हणाला की माणसानं नुसतं बसून तरी किती राहायचं. त्याचं सगळं उड्डाण बसूनच झालं होतं, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

कपाट

असल्या गोष्टी मी वर्षानुवर्षं जमवत आलो आहे. रात्री जेवणं झाल्यावर मोबाइल घेऊन बसायचं आणि कुणाची तरी फजिती बघायची, हा आता घरोघरचा कार्यक्रम झाला आहे. ट्रॅक्टरवर उलटा उभा राहणारा, शॉवरखाली छत्री धरणारा, केस कापायला व्हॅक्युम क्लीनर लावणारा. आपण हसतो, पुढे सरकवतो, पुन्हा हसतो. पण बघता बघता लक्षात आलं की ही माणसं बिनडोक नसतात. उलट, बहुतेकांनी भरपूर डोकं लढवलेलं असतं. फक्त हिशेबात एकच रकाना भरायचा राहिलेला असतो.

हे मला आमच्या कपाटावरून कळलं. साताऱ्यात आम्ही एका वाड्यात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. वडिलांनी हौसेनं खोलीतच सुतार बसवून सागवानी कपाट करून घेतलं. महिनाभर रंधा चालला, भुशानं आजीला शिंका आल्या, पण कपाट झालं देखणं. नऊ वर्षांनी घर बदलायची वेळ आली तेव्हा ते दारातून निघेना. दारातून काढलं असतं तरी पुढे जिना, आणि जिन्याला मध्येच वळण. कपाट कापायचं की चौकट, यावर दोन दिवस खल झाला. आजीनं एवढंच विचारलं, "करताना फळ्या मोजल्यात, दार कोणी मोजलं होतं?"

कपाट तिथेच राहिलं. घरमालकांनी ते फुकटात ठेवून घेतलं आणि पुढच्या भाडेकरूला "फर्निचरसह खोली" म्हणून भाडं वाढवून दिली.

ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे आणि दरवेळी लोक दारापाशी हसतात. मला स्वतःला मात्र अलीकडे शेवटचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटू लागलं आहे. अर्धा विचार वडिलांचा होता. उरलेल्या अर्ध्याचं बिल आलं ते एका अनोळखी भाडेकरूला. फजितीची कुठलीही गोष्ट ऐकली की मी आता हेच बघतो, की बिल कोणी भरलं?

देवमाशाचा सुरुंग

नोव्हेंबर १९७०मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात फ्लोरेन्स गावच्या किनाऱ्यावर ४५ फूट लांब आणि सुमारे ८ टन वजनाचा मेलेला देवमासा लागला. वास सुटला. किनारे तेव्हा राज्याच्या महामार्ग विभागाकडे असल्यानं मासा हटवणं हे रस्तेवाल्यांचं काम झालं. रस्तेवाल्यांनी ते आपल्या पद्धतीनं सोडवायचं ठरवलं. वाटेतला खडक कसा काढतात? सुरुंग लावून. मग मासाही तसाच. अर्धा टन डायनामाइट किनाऱ्याकडच्या बाजूला पेरायचं, म्हणजे तुकडे समुद्राकडे उडतील. बारीकसारीक उरेल ते समुद्रपक्षी खातील.

बघ्यांमध्ये स्फोटकांचं शिक्षण घेतलेला एक व्यावसायिक होता. २० पेट्या नकोत, २० कांड्या पुरतील, असं त्यानं बजावल्याचं पुढे सांगितलं. कोणी ऐकलं नाही. १२ नोव्हेंबरला बार उडाला. टीव्हीच्या बातमीदारानं केलेली ती फिल्म आजही बघायला मिळते. आधी वाळूचा आणि चरबीचा प्रचंड फवारा उठतो, लोक दाद दिल्यासारखे ओरडतात, आणि मग आवाज बदलतो, कारण वर गेलेलं सगळं खाली यायला लागलेलं असतं. धप्प, धप्प. चरबीच्या लहानमोठ्या लोंद्यांचा पाऊस. एक मोठा लोंदा पाव मैलावर उभ्या असलेल्या कोऱ्या मोटारीवर पडला आणि तिचं छप्पर आत गेलं. मोटार कोणाची? वीस कांड्यांचा सल्ला देणाऱ्या त्या गृहस्थाची.

माशाचा बराचसा भाग जागच्या जागी पडून होता. समुद्रपक्षी आवाजानं जे पळाले ते फिरकले नाहीत. नऊ वर्षांनी त्याच किनारपट्टीवर ४१ देवमासे लागले तेव्हा मात्र सुरुंगाचं नाव कोणी काढलं नाही. काही जाळले, बाकी पुरले. मुंबईत २०१६च्या जानेवारीत जुहूला सुमारे ३५ फुटी देवमासा लागला तेव्हाही खड्डा खणून त्याला वाळूतच पुरलं. यात बघण्यासारखं काही नसतं, म्हणूनच बहुधा ते बरोबर असतं.

फ्लोरेन्सकरांचं कौतुक एका गोष्टीसाठी करायला हवं. २०२०मध्ये त्यांनी नव्या बागेला नाव दिलं ते या स्फोटाचंच. आपल्या फजितीचं स्मारक करणारं गाव मला दुसरं माहीत नाही. आणि ते त्यांना शक्य झालं, कारण बिलात फक्त एक मोटार होती.

टोपी उडाली

बिल मोठं आलं की हसू कुठे थांबतं, हे बघायला टेक्सासात जावं लागतं, १८९६मध्ये. तिथल्या 'केटी' नावानं ओळखल्या जाणाऱ्या रेल्वे कंपनीत विल्यम जॉर्ज क्रश नावाचा अधिकारी होता. प्रवासी वाढवणं हे त्याचं काम. त्यानं कल्पना काढली की जुनी झालेली दोन इंजिनं समोरासमोर धडकवायची आणि लोकांना ती गंमत दाखवायची. पाहायला पैसे नाहीत. फक्त यायचं आमच्याच गाडीनं, जाऊन-येऊन तिकीट २ डॉलर. वेको शहराच्या उत्तरेला माळावर एका दिवसाचं गाव वसवलं. विहिरी खोदल्या, तंबू ठोकले, दंगा करणाऱ्यांसाठी कोठडीसुद्धा बांधली. गावाला नाव दिलं क्रश. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ चिरडणे, पण तो निव्वळ योगायोग.

बॉयलर फुटतील का, असं क्रशनं आधी तज्ज्ञांना विचारलं होतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. फुटणार नाहीत, असं जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं. १५ सप्टेंबरला ४०,००० लोक जमले. एक इंजिन हिरवं रंगवलेलं, एक लाल. क्रश पांढऱ्या घोड्यावर बसून आला, त्यानं टोपी हवेत उडवली, ड्रायव्हरनी वाफ सोडली आणि उड्या मारल्या. इंजिनं धडकली, आणि पुढच्याच क्षणी दोन्ही बॉयलर फुटले. तापलेलं लोखंड गर्दीत घुसलं. निदान दोघं जण जागीच गेले, कित्येक भाजले, कार्यक्रमाच्या फोटोग्राफरचा एक डोळा गेला.

कंपनीनं त्याच संध्याकाळी क्रशला काढून टाकलं आणि गाजावाजा फायद्याचा ठरतोय हे दिसताच लगेच परत घेतलं. रॅगटाइमचा पुढे जगप्रसिद्ध झालेला संगीतकार स्कॉट जॉप्लिन यानं या टकरीवर एक मार्चही रचला. म्हणजे संगीत झालं, नोकरी वाचली, तिकिटं खपली. बिल भरलं ते २ डॉलर देऊन आलेल्यांनी.

नव्वद वर्षांनी, सप्टेंबर १९८६मध्ये, क्लीव्हलंड शहरात धर्मादाय निधीसाठी एकाच वेळी १४ लाखांवर फुगे सोडले गेले. हिशेब असा की फुगे उंच जातील आणि दूर कुठेतरी विरतील. वाटेत पाऊस आणि थंड वारा आडवा आला. फुगे भरलेलेच खाली आले, विमानतळाची धावपट्टी बंद झाली, शहरालगतचं सरोवर फुग्यांनी झाकून गेलं. त्याच सरोवरात मासे धरायला गेलेले दोघं जण बेपत्ता होते. शोधणाऱ्यांना पाण्यात माणसाचं डोकं कुठलं आणि फुगा कुठला, हे ओळखू येईना. ते दोघं वाचले नाहीत. त्या दिवसाची छायाचित्रं अतिशय सुंदर आहेत. ती बघताना पहिल्यांदा तोंडातून 'वा' येतो, आणि एकदा गोष्ट कळली की पुन्हा येत नाही.

न विकायच्या वस्तू

मग अर्धवट कल्पना सुचूच द्यायच्या नाहीत का? यावर एका जपानी गृहस्थानं फार शहाणपणाचा तोडगा काढला आहे. केंजी कावाकामी हे घरपोच वस्तू विकणाऱ्या एका मासिकाचे संपादक होते. १९८०च्या दशकात मासिकात रिकामी राहणारी पानं भरायला ते स्वतः बनवलेल्या विचित्र वस्तू छापू लागले. त्यांना त्यांनी नाव दिलं चिंदोगु, म्हणजे अजब अवजार. नूडल्स गार करायला चॉपस्टिकवर बसवलेला छोटा पंखा. सर्दीवाल्यासाठी डोक्यावर टोपीसारखा बांधायचा कागदाचा रोल. बाळाच्या अंगरख्याला शिवलेले पोछ्याचे झुपके, म्हणजे बाळ रांगेल तिथली फरशी पुसून निघेल. गोंदाच्या कांडीसारखी पावावर फिरवायची लोण्याची कांडी.

प्रत्येक वस्तू एक अडचण खरोखर सोडवते आणि सोडवताना दोन नव्या उभ्या करते. रोल डोक्यावर घेऊन नाक पुसता येतं, ऑफिसला जाता येत नाही. पण कावाकामींचं मोठेपण वस्तूंपेक्षा नियमांत आहे. त्यांनी दहा नियम घालून दिले. वस्तू नुसती चित्रात चालणार नाही, ती खरोखर बनवलेली हवी. ती खरोखर उपयोगाची असता कामा नये. तिचं पेटंट घ्यायचं नाही. आणि ती विकायची नाही. विकली की चिंदोगु संपलं.

हा शेवटचा नियम मला आधी निव्वळ कलावंताचा तोरा वाटायचा. पण बघा. १९९५मध्ये इंग्रजीत आलेल्या त्यांच्या १०१ वस्तूंच्या पुस्तकात एक काठी आहे. तिच्या टोकाला कॅमेरा लावायचा आणि स्वतःचाच फोटो काढायचा. लोक हसले. जपानच्याच एका कॅमेरा कंपनीतल्या दोघा जणांनी तशी काठी १९८०च्या दशकातच करून पेटंटही घेतलं होतं, पण ती चालली नव्हती. मोबाइल आले आणि तीच सेल्फी स्टिक झाली, सिंहगडापासून गेटवेपर्यंत फेरीवाल्यांच्या हातात आली. फोटो कसा काढायचा याचा विचार त्या काठीत पूर्ण होता. काढताना पाय कुठे आहे, याचा नव्हता. २०१६मध्ये मुंबई पोलिसांना सेल्फीबंदीच्या जागा जाहीर कराव्या लागल्या. हसण्यावारी असेपर्यंत काठीनं कोणाला काही केलं नव्हतं.

कॉफी, किटली आणि पळतं घड्याळ

काही अर्धे विचार मात्र स्वस्तात पार पडतात, आणि कधीकधी भलत्याच ठिकाणी पोचतात. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१मध्ये कॉफीचं एकच भांडं होतं. वरच्या मजल्यावरचे जिने उतरून यायचे आणि भांडं रिकामं. मग क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्झकी यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि त्याचं चित्र सगळ्यांच्या संगणकांवर दिसेल असं केलं. चित्र काळंपांढरं, टपाल तिकिटाएवढं, मिनिटातून तीनेकदा बदलणारं. कॉफी कशी दिसते हे त्यात कळत नसे, आहे की नाही एवढं कळे. १९९३मध्ये तेच चित्र वेबवर आलं आणि जगभरचे लोक एका परक्या भांड्यात कॉफी आहे का, हे तासन्‌तास बघू लागले. आज आपण सोसायटीच्या गेटपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत जिथे तिथे कॅमेरे लावून बसलो आहोत. त्या वेबकॅमचा मूळपुरुष म्हणजे हे भांडं. २००१च्या ऑगस्टमध्ये कॅमेरा बंद झाला आणि भांड्याचा लिलाव ३,३५० पौंडांना झाला.

या कॉफीप्रेमाला उत्तर म्हणून की काय, १ एप्रिल १९९८ला लॅरी मॅसिंटर यांनी इंटरनेटवरून कॉफीची यंत्रं चालवण्याची नियमावली गंभीर चेहऱ्यानं प्रसिद्ध केली. त्यात एक त्रुटी-क्रमांक आहे, ४१८. कोणी चहाच्या किटलीला कॉफी कर म्हटलं, तर किटलीनं उत्तर द्यायचं, "मी किटली आहे." २०१७मध्ये काही मंडळींनी हा क्रमांक सॉफ्टवेअरमधून काढायचा घाट घातला तेव्हा एका पंधरा वर्षांच्या मुलानं तो वाचवण्याची मोहीम चालवली आणि तो वाचला. उपयोग शून्य, पण 'हे माझं काम नाही' हे इतक्या नम्रतेनं सांगणारं दुसरं उपकरण नाही.

उपयोगाच्या टोकावरची वस्तू हवी असेल तर गौरी नंदा यांचं 'क्लॉकी' घड्याळ बघा. एमआयटीत शिकताना त्यांनी ते बनवलं. गजर वाजतो, तुम्ही तो गप्प करता. तो पुन्हा वाजेपर्यंत चाकं लावलेलं घड्याळ टेबलावरून उडी मारून खोलीत कुठेतरी पळालेलं असतं. उठून शोधा. त्यासाठी त्यांना २००५चं इग्नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामांसाठीचं हे पारितोषिक १९९१पासून दिलं जातं. २०२५मध्ये ते शिव नाडर विद्यापीठातल्या दोघांना मिळालं, चपलाबुटांच्या रॅकला येणाऱ्या वासाचा अभियांत्रिकी अभ्यास केल्याबद्दल. ज्यानं कुणाकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला जाऊन दारातली पादत्राणांची रास पाहिली आहे, तो या संशोधनाला हसणार नाही.

आपल्याकडचीही एक गोष्ट सांगायलाच हवी. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे, जिल्हा सांगली. तिथल्या एका कारागिरानं घरच्यांच्या हौसेसाठी भंगारातले भाग जोडून छोटी जीप केली. खर्च साधारण ६०,००० रुपये. आणि ही चारचाकी सुरू करायची ती मोटारसायकलसारखी, किक मारून. व्हिडिओ गाजला. रस्त्यावर चालवायला ही गाडी नियमांत बसत नाही, हा रकाना इथेही रिकामाच होता. तो उद्योगपती आनंद महिंद्रांनी भरला. अधिकारी आज ना उद्या गाडी अडवतील हे ओळखून त्यांनी बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. २०२२च्या जानेवारीत अदलाबदल झाली. राहिलेला अर्धा विचार दुसऱ्यानं आपण होऊन करणं, हे फार क्वचित घडतं.

खुर्ची

पूर्ण विचार केलेलं उड्डाण कसं असतं, तेही सांगतो. २६ नोव्हेंबर २००५ला उद्योगपती विजयपत सिंघानिया, वय ६७, मुंबईतून गरम हवेच्या फुग्यानं निघाले. ऑक्सिजनची सोय असलेली बंदिस्त केबिन, तज्ज्ञांचा ताफा. २१,०२७ मीटर उंची गाठून ते नाशिक जिल्ह्यातल्या पांचाळे गावाजवळ उतरले. जागतिक विक्रम झाला. लॅरीच्या चौपट उंची. पण रात्री मोबाइलवर मित्राला दाखवायला आपण सिंघानियांचा विक्रम शोधत नाही, लॅरीची खुर्ची शोधतो. आपलं कपाट सिंघानियांच्या जातीचं नसतं ना.

लॅरीचं पुढे फार बरं झालं नाही. टीव्हीवर बोलावणी आली, ट्रक सोडून तो भाषणं द्यायला निघाला, ते नीट जमलं नाही. १९९३मध्ये, ४४व्या वर्षी, त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. हे कळल्यापासून ती गोष्ट सांगताना माझा आवाज शेवटी थोडा खाली येतो. तरी मी ती सांगतो, कारण सगळ्या हिशेबात हा माणूस स्वच्छ निघतो. २० मिनिटांची वीज आणि दोन वैमानिकांची धास्ती सोडली, तर बाकीचं बिल त्यानं स्वतःच्या नावावर ठेवलं होतं. क्रशनं टोपी उडवली. लॅरी स्वतः उडाला.

उतरल्यावर भोवती जमलेल्या पोरांपैकी एकाला त्यानं ती खुर्ची देऊन टाकली. पुढे त्याला पस्तावा झाला असं म्हणतात, कारण संग्रहालयवाले विचारत आले होते. त्या मुलानं ती वर्षानुवर्षं घरात सांभाळली, आणि आता ती अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या हवाई व अवकाश संग्रहालयाकडे आहे. फुगे केव्हाच गेले. बंदूक कुठे पडली देव जाणे. पण मुलानं खुर्ची बाहेर काढली तेव्हा जुन्या दोऱ्यांना पाण्याचे काही कॅन अजून बांधलेले होते. उतरताना वेग जास्त झाला तर एकेक सोडायचा, म्हणून आणलेले.

अर्धा विचार त्यानं केला होता, हे मी म्हटलंच होतं.